शुगर असताना बाळाचा विचार करताय? आधी गोळ्यांची पिशवी बाहेर काढा

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या ३१ वर्षांच्या ताई आहेत. चार वर्षांपासून टाइप २ मधुमेह. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन चालू, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरवास्टॅटिन. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची शुगर, ८.६. मागे एकदा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. डॉक्टर म्हणतात आधी शुगर खाली आणा, सासूबाई म्हणतात वय निघून चाललंय. नणंदेला गरोदरपणात शुगर निघाली होती आणि बाळंतपणानंतर गेली, तसं माझं होईल का? इन्सुलिन एकदा लागलं की कायमचं का? आणि सिझेरियनच होणार का?

ताई, सासूबाईंच्या काळजीपासून सुरुवात करते, कारण घरात तोच विषय रोज निघत असणार. ३१ हे वय निघून चालल्याचं नाही. शुगर ताब्यात आणायला चार ते सहा महिने गेले तर वयाच्या हिशेबात काही बिघडत नाही. तेच महिने वाचवायला गेलात तर मात्र बिघडू शकतं, आणि ते का, हे सासूबाईंनाही समजलेलं बरं.

पाळी चुकते, आठ-दहा दिवस वाट बघून आपण घरी टेस्ट करतो, मग सोनोग्राफीची तारीख घेतो. तोवर शेवटच्या पाळीपासून सहा-सात आठवडे झालेले असतात. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी सहाव्या आठवड्याच्या आसपास बंदही होऊन गेलेली असते, हृदयाची घडण चालू असते. म्हणजे तुम्ही 'गुड न्यूज' सांगायला येता तेव्हा सगळ्यात नाजूक काम बरंचसं आटोपलेलं असतं, आणि ते त्या दिवसांत तुमच्या रक्तात जेवढी साखर होती तेवढ्या साखरेत झालेलं असतं. कोणत्याही शंभर बाळांत दोन-तीन बाळांना जन्मजात मोठं व्यंग असतं. आईची शुगर जास्त असेल तर हा आकडा चढत जातो, आणि एचबीए१सी १०च्या वर असेल तर कित्येक पटींनी चढतो. म्हणून १०च्या वर असताना गर्भधारणा टाळाच, असं आम्ही स्पष्ट सांगतो. गाठायचा आकडा ६.५च्या खाली, तोही वारंवार शुगर घसरू न देता. तुम्ही ८.६वर आहात. तिथून ७.५वर आलात तरी धोका कमी होतो, ७वर आलात तर आणखी. सगळं किंवा काहीच नाही, असा हा मामला नाही.

मागच्या गर्भपाताबद्दल एकच सांगते. वाढलेल्या शुगरने गर्भपाताची शक्यता वाढते हे खरं. पण पहिल्या तीन महिन्यांतले पुष्कळ गर्भपात गुणसूत्रांतल्या योगायोगाच्या चुकीने होतात, शुगर अगदी नॉर्मल असलेल्या बायकांचेही होतात. तेव्हा घरात कोणी त्याचा दोष तुमच्या खाण्यापिण्यावर टाकत असेल, तर तो अंगाला लावून घेऊ नका.

आता पिशवीकडे वळू. मी पहिल्या भेटीत रिपोर्टच्या आधी गोळ्या टेबलावर मांडायला सांगते. तुमच्या चार गोळ्यांपैकी गरोदरपणात चालण्यासारखी एकच आहे, मेटफॉर्मिन. टेल्मिसार्टन आणि त्याच्या जातीच्या लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी बाळाच्या किडनीवर परिणाम होतो आणि गर्भजल कमी होतं. हा धोका चौथ्या महिन्यानंतर सर्वांत जास्त, पण तेवढं थांबायचंच कशाला? त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा देता येतं. ॲटोरवास्टॅटिन बाळासाठी प्रयत्न सुरू करण्याआधी बंद. डॅपाग्लिफ्लोझिनही आधीच बंद. ही गोळी थांबवली की शुगर वर जाणार, म्हणून तिच्या जागी इन्सुलिन येईल. सध्या वजन उतरवायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं पुष्कळ जणी घेतात. ती गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावी लागतात. जांभूळबीचं चूर्ण, कुणीतरी आणून दिलेली 'शुगर जड से खत्म' पुडी, यांचंही नाव डॉक्टरांना सांगा. त्यात काय मिसळलंय हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि अशा पुड्यांत जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत.

हे वाचून आजच गोळ्या कचऱ्यात टाकू नका. बीपी आणि शुगर दोन्ही उघडी पडतील. डॉक्टरांकडून एकेक बदलून घ्या, आणि बदल पूर्ण होऊन एचबीए१सी खाली येईपर्यंत गर्भनिरोधक वापरा. मी हे सांगितलं की नवरा-बायको माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात: बाळ हवं म्हणून आलो आणि बाई गर्भनिरोधक लिहून देतात! पण ही औषधं चालू असताना अचानक पाळी चुकली की मग सगळ्यांचीच पळापळ होते. उलट, तशी चुकलीच तर घाबरून घरी बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

याच महिन्यांत चार कामं उरकायची. डोळ्यांचा पडदा तपासून घ्या, आणि हे सगळ्यात आधी; कारण बरेच दिवस वाढलेली शुगर झपाट्याने खाली आणली तर पडद्यावरचा जुना बिघाड काही काळ वाढू शकतो, तो असेल तर आधी उपचार. लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन बघा, किडनीची अवस्था कळली की बाळंतपणाचा अर्धा अंदाज येतो. थायरॉइडची टीएसएच बघा. आणि हिमोग्लोबिन. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी असतो त्यापेक्षा थोडा वर दिसतो. शिवाय गरोदरपणात लाल पेशी लवकर बदलतात म्हणून तोच आकडा उगाच खाली दिसू लागतो. म्हणून दिवस राहिल्यावर माझा जास्त विश्वास घरच्या ग्लुकोमीटरवर. फॉलिक ॲसिड मात्र आत्ताच सुरू करा, ५ मिलिग्रॅम रोज, बाराव्या आठवड्यापर्यंत. दवाखान्यात मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक असतं, पण ते अर्धा मिलिग्रॅम. मधुमेही बाईला पाचाची गोळी वेगळी लागते.

आता इन्सुलिन, ज्याचा धसका सगळ्यांनाच असतो. इन्सुलिन वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जात नाही, साखर जाते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन यांनी १९५०च्या दशकात ही गोष्ट मांडली: आईची जास्तीची साखर बाळाकडे जाते, बाळाचं स्वादुपिंड ती जिरवायला स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, आणि त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते. घरचे म्हणतात, 'बाळ किती गुटगुटीत!' आम्हाला मात्र प्रसूतीत त्याचे खांदे अडकायची काळजी लागलेली असते. तुम्ही घेतलेलं इन्सुलिन ही साखळी पहिल्याच कडीला तोडतं. बाळंतपणानंतर टाइप २ असलेल्या अनेक जणी पुन्हा गोळ्यांवर जातात. इन्सुलिन कायमचं लागणार की नाही हे तुमचं स्वादुपिंड ठरवतं, सुई ठरवत नाही.

मेटफॉर्मिनबद्दल माझं मत: चालू ठेवायला हरकत नाही, पण टाइप २मध्ये तिच्या एकटीच्या भरवशावर नऊ महिने निघत नाहीत. ती वारेतून बाळापर्यंत जाते. इन्सुलिनच्या जोडीला मेटफॉर्मिन दिल्यास काय होतं, हे पाहणारा एक मोठा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. आईचं वजन कमी वाढलं, इन्सुलिन कमी लागलं, फार मोठी बाळं कमी झाली. पण फार लहान भरणारी बाळं थोडी वाढली. म्हणून किडनी कमजोर असेल किंवा बाळाची वाढ मागे पडत असेल तर मी ती थांबवते.

सुईतल्या दोन गोष्टी मी हातात धरून दाखवते. पहिली: आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनची. दुकानदाराने चुकून नारिंगी दिली आणि तुम्ही त्यावरच्या १०च्या खुणेपर्यंत ४०चं इन्सुलिन भरलं, तर अंगात चारच युनिट जातात. डोस वाढवत जातो, शुगर हलत नाही, आणि सगळे जण जेवणावर संशय घेत बसतात. इन्सुलिनचं पेन वापरलात तर हा घोळच नाही. दुसरी: पोटावर टोचलेली चार मिलिमीटरची सुई कातडीखालच्या चरबीपर्यंत जाते, बाळापर्यंत नाही. पोट ताणलं की बाजूला टोचा, रोज जागा बदला. आणि इंदूरच्या मे महिन्यात न उघडलेली बाटली फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही.

दिवस राहिले की आकडे असे: सकाळी उपाशीपोटी ९५च्या खाली, जेवणानंतर एक तासाने १४०च्या खाली, दोन तासांनी १२०च्या खाली. सुरुवातीला दिवसातून किमान चार वेळा तपासायचं, उपाशी आणि तिन्ही जेवणांनंतर. महिन्यातून एकदा लॅबमध्ये जाऊन काढलेली 'फास्टिंग-पीपी' या कामाला पुरत नाही.

वहीत नुसते आकडे नको, समोर काय खाल्लं तेही लिहा. अशा वहीत काय दिसतं ते सांगते. सकाळी ९१. मग शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) घातलेले पोहे, भरलेली प्लेट, सोबत दोन जिलब्या, एका तासाने १९८. दुसऱ्या दिवशी जिलबी गाळली, पोहे तेवढेच: १७२. म्हणजे दोष सगळा जिलबीचा नव्हता. तिसऱ्या दिवशी पोहे अर्धे, त्यावर वाटीभर मोडाच्या मटकीची उसळ, बाजूला एक उकडलेलं अंडं किंवा पनीरचे तुकडे, आणि खाऊन झाल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर फेऱ्या: १३६. डोस तोच, बाईही तीच. पोहे इंदूरकराच्या आयुष्यातून काढायची माझी हिंमत नाही आणि गरजही नाही. पण सकाळच्या वेळी गरोदर शरीर इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देतं, म्हणून न्याहारीतलं पिष्ट दिवसात सर्वांत कमी हवं. तेच पोहे संध्याकाळी पाच वाजता खाल्ले तर आकडा वेगळा येतो, करून बघा.

भात-पोळी पूर्ण बंद करणाऱ्याही भेटतात. ते करू नका. दिवसाला निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं गरोदर बाईला लागतात. उपाशी राहिलात तर शरीर चरबी जाळून कीटोन नावाची आम्लं बनवतं. तीन जेवणं, मध्ये तीन छोटे खाऊ, असं वाटून घ्या. उपवासाचं म्हणाल तर संकष्टीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. वरई थोडी बरी, तीही ताक-दाण्यांबरोबर मोजून. हरतालिकेचा निर्जळी उपवास इन्सुलिनवर असताना अजिबात नाही; हे सासूबाईंना मी स्वतः सांगते, सुनेच्या तोंडून ते उद्धटपणाचं वाटतं. रात्री अकराला सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस खाल्ला तर सकाळच्या फास्टिंगची तक्रार माझ्याकडे घेऊन येऊ नये, एवढीच विनंती.

पहिल्या तीन महिन्यांत शुगर घसरायचा धोका जास्त. उलट्या होतात, इन्सुलिन टोचलेलं असतं आणि जेवण बाहेर पडतं. ७०च्या खाली गेली, हात कापले, घाम फुटला, की तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर रक्तात उशिरा पोचते. उलट्या फार असतील तर जेवणाचं जलद इन्सुलिन जेवण पोटात टिकल्यावर घ्यायची मुभा आम्ही देतो. पण रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. सतत उलट्या, पोटात दुखणं, धाप, अशा वेळी शुगर २०० असली तरी कीटोन तपासा. गरोदरपणात कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होणं, कमी शुगरलाही होतो आणि बाळाच्या जिवावर बेततो. टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, तो असलेल्यांनी तर हे वाक्य फ्रिजवर चिकटवावं.

पुढे विसाव्या आठवड्यानंतर डोस चढत जातो, दुपटीच्या वरही जातो. याने घाबरू नका, वारेतले संप्रेरक इन्सुलिनला विरोध करतात म्हणून ते घडतं. तुमचं काही चुकलेलं नसतं. घाबरायचं उलट बाजूने. शेवटच्या महिन्यांत इन्सुलिनची गरज एकाएकी उतरली, जेवण नेहमीचं आणि शुगर मात्र घसरतेय, तर 'बरं झालं, शुगर सुधारली' म्हणून गप्प बसायचं नाही. वार नीट काम करते का ते त्याच दिवशी बघावं लागतं.

बाकीचं पटकन. बाराव्या आठवड्यानंतर रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी, साधारण १०० ते १५० मिलिग्रॅम, गरोदरपणातलं बीपी टाळायला. अकरा ते चौदा आठवड्यांत पहिला स्कॅन, अठरा-वीसला व्यंगांचा, वीस ते चोवीसमध्ये बाळाच्या हृदयाचा इको, मग अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी वाढ. डोळे पुन्हा एकदा. ज्यांना खासगी खर्च झेपत नाही त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, म्हणजे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात तज्ज्ञांकडून मोफत तपासणी करून घ्यावी. इंदुरात गुंतागुंत असेल तर एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयात जाता येतं.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण येतं, आणि नेमकी तेव्हाच शरीराची इन्सुलिनला दाद सर्वांत कमी होत आलेली असते. कार्यक्रम जरूर करा. झोपाळा, फुलांच्या वाड्या, ओटी, यातल्या कशानेही शुगर वाढत नाही. ताटातल्या पाच गोडांपैकी एकाची वाटी निवडा, जेवणाच्या शेवटी खा, आणि त्या दिवशीचा डोस आधी विचारून ठेवा. अवेळी प्रसूतीच्या भीतीने बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर दोन-चार दिवस शुगर उसळते. ते रुग्णालयात राहून सांभाळायचं.

सिझेरियन. मधुमेह आहे एवढ्याच कारणाने ते होत नाही. सगळं ठीक असेल तर अडतीस-एकोणचाळीस आठवड्यांच्या सुमाराला कळा सुरू करून देतो, चाळिसाव्याची वाट बघत नाही, कारण शेवटी शेवटी पोटात बाळ दगावण्याचा धोका मधुमेहात जास्त असतो. बाळ फार मोठं असेल, आधीचं सिझेरियन असेल, बीपी बिघडलं असेल, तर गोष्ट वेगळी. कळांच्या वेळी तासातासाला शुगर बघतात. त्या वेळी ती चढली तर जन्मल्यावर बाळाची घसरते, कारण नाळ कापली की आईची साखर बंद होते आणि बाळाचं इन्सुलिन मात्र जोरात असतं.

म्हणून बाळाला पहिल्या अर्ध्या तासात अंगावर घ्यायचं, मग दर दोन-तीन तासांनी, आणि टाचेतून थेंबभर रक्त काढून त्याची शुगर बघायची. 'टोचताय कशाला' म्हणून आजी नर्सशी भांडतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. शुगर कमी आहे असं ऐकून मध चाटवायला कोणीतरी पुढे सरसावतं. मध वर्षभर अजिबात नाही; त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला बोटुलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. पहिला चीक पाजा. बाळ मधुमेह घेऊन जन्मत नाही. मोठेपणी टाइप २ होण्याची शक्यता मात्र इतर मुलांपेक्षा जास्त असते, आणि ती पुढे त्याच्या वजनावर, खेळण्यावर बरीच अवलंबून राहते.

नणंदेचं वेगळं होतं. तिला होता गरोदरपणातला मधुमेह, वारेच्या संप्रेरकांमुळे आलेला, वार पडली तसा गेला. आपल्याकडे त्यासाठी चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी पुढे आणलेली सोपी तपासणी करतात: जेवलेलं असो-नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं आणि दोन तासांनी १४० किंवा वर आली तर निदान पक्कं. पहिल्या भेटीत एकदा, मग चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत पुन्हा. तुमचा मधुमेह आधीचा आहे, तो जाणार नाही. पण 'गेला' म्हणून नणंदबाईही निर्धास्त असतील तर त्यांना विचारा, प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅमची तपासणी केली होती का? आणि त्यानंतर दरवर्षी शुगर बघतात का? अशा बायकांपैकी बऱ्याच जणींना पुढे टाइप २ होतो.

तुमचा डोस वार पडल्या दिवशीच एकदम खाली आणावा लागेल. गरोदरपणातला आठव्या महिन्याचा डोस चुकून चालू राहिला तर रात्री शुगर घसरते. अंगावर पाजताना ती आणखी घसरते, म्हणून पाजायच्या आधी काहीतरी खायचं. मेटफॉर्मिन पाजताना चालते. टेल्मिसार्टन-ॲटोरवास्टॅटिन लगेच परत सुरू करू नका, आधी विचारा. डिंकाचे, अळिवाचे लाडू माहेरून डबाभर येतील. गूळ निम्मा घालून छोटे वळायला सांगा, दिवसाला एक, आणि तो वहीत लिहा. पुढच्या बाळाचा विचार असो वा नसो, तांबी (कॉपर-टी) बसवायची तर प्रसूतीनंतर लगेच किंवा सहा आठवड्यांनी बसवता येते. ती बसवायची की नाही, याचं बोलणं आठव्या महिन्यातच करून ठेवा.